एकाच नवऱ्याची दोनदा विधवा

माझी डेल्फीमावशी देवाच्या मालकीची होती. हे मी भक्तिभावानं म्हणत नाही, कायद्यानंच ती तशी होती. आमच्या टॅनर्स मिल गावातल्या एका श्रीमंत गोऱ्या म्हातारीनं मरताना आपल्या दोन गुलाम पोरी चर्चला दान दिल्या. त्यांना दरवर्षी कुणाकडे तरी मजुरीला लावावं आणि येणाऱ्या पैशातून पाद्र्याचा पगार भागवावा, म्हणजे गावात देवाचा शब्द कधी बंद पडणार नाही, अशी तिची इच्छा. त्या पोरींना पोरं झाली, पोरांना पोरं झाली. आमच्या वेळेपर्यंत आम्ही बरेच झालो होतो आणि पाद्र्याचा पगारही बरा झाला होता. व्हर्जिनियातले बाकीचे काळे लोक कुणा ना कुणा साहेबाचे असायचे. आम्हाला ‘चर्चचे लोक’ म्हणत.

ऐकायला मानाचं वाटतं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्चच्या पायरीवर आम्हाला ओळीनं उभं करायचे आणि जो जास्त बोली लावेल त्याच्याकडे वर्षभर धाडायचे. घरच्या बैलाला माणूस निदान पोटभर वैरण घालतो, कारण पुढच्या वर्षीही तोच जुंपायचा असतो. भाड्याच्या बैलाची काळजी कोण करतो? आणि तक्रार करायची तर कुणाकडे? मालक देव. त्याच्या वतीनं कारभार बघायला चर्चचे पंच. पंचांची बैठक दर महिन्याला भरायची, तिची सुरुवात प्रार्थनेनं व्हायची, आणि आमच्या पाठीवरचे वळ हा विषय तिच्यात कधी निघाला नाही.

मी डेल्फीमावशीच्या बहिणीची मुलगी, लुटिशा. मीही देवाचीच होते, पण माझी गोष्ट सांगण्यासारखी नाही. मावशीची आहे, कारण ती एकाच नवऱ्याची दोनदा विधवा झाली, आणि दोन्ही वेळा मी हजर होते.

दिसायला मावशी चारचौघींसारखी. बोलायची कमी. तिला एकच खोड होती. कुणी काही सांगितलं की ती त्याचं पुढचं टोक विचारायची. पाद्री कॅरुथर्सनं तिचं आणि प्राइमसचं लग्न लावलं तेव्हाचंच घ्या. गोऱ्यांच्या लग्नात ‘मृत्यू वेगळं करेपर्यंत’ म्हणतात. आमच्या लग्नात ‘मृत्यू किंवा अंतर वेगळं करेपर्यंत’ म्हणायचे, कारण नवरा-बायकोपैकी एकाला कधी विकावं लागेल सांगता येत नाही, आणि देवासमोर खोटी शपथ द्यायची तर पाद्र्याला पाप लागायचं.

मावशीनं मध्येच विचारलं, ‘किती अंतर, पाद्रीसाहेब?’

‘डेल्फी, हे लग्न आहे. जमिनीची मोजणी नव्हे.’

‘नाही, म्हणजे नदीपलीकडे पाठवलं तर मोडतं का? की त्याच्याही पुढं?’

प्राइमस मोठ्यानं हसला. पाद्र्याला हसू आलं नाही. त्यानं शपथ पुन्हा पहिल्यापासून म्हणून घेतली.

हा प्राइमस पिंपं बनवायचा. आमच्याकडे तंबाखू मोठमोठ्या लाकडी पिंपांत दाबून भरतात, आणि प्राइमसचं पिंप डोंगरावरून सोडलं तरी उकलत नाही असं गोरेसुद्धा म्हणायचे. पण माणूस अवखळ. कुणाचं ऐकणं त्याच्या रक्तातच नव्हतं. एका वर्षी ज्या साहेबाकडे त्याला लावलं होतं त्यानं हात उचलला, तर हा सरळ जंगलात निघून गेला. सफरचंदं पिकली तेव्हा खिसे भरून परत आला आणि ती पंचांच्या बायकांना वाटली. फटके खाताना म्हणाला, ‘सफरचंदं गोड होती ना?’ मावशीचा त्याच्यावर फार जीव होता. फार म्हणजे इतका, की त्याचं नाव निघालं की ती हातातलं काम थांबवायची. आणि गुलामाच्या हातातलं काम सहसा थांबत नाही.

मग एका वर्षी मिशनचा निधी कमी पडला. आफ्रिकेतल्या काळ्या लोकांचे आत्मे अंधारात आहेत, त्यांच्याकडे धर्मोपदेशक पाठवायचा, असं आमच्या चर्चनं कबूल केलं होतं, आणि शेजारच्या गावच्या चर्चनं तर दोन पाठवायचं कबूल केलं होतं. पंचांनी प्रार्थना केली. प्रार्थनेत त्यांना असं सुचलं की प्राइमसला विकावं. तसाही तो ऐकत नव्हता. मिसिसिपीच्या एका व्यापाऱ्यानं त्याला विकत घेतला आणि साखळीला जोडून नेला. त्या पैशातून एक तरुण पाद्री आफ्रिकेला गेला. तिथल्या लोकांना त्यानं काय सांगितलं कोण जाणे.

मावशी दोन वर्षं एकटी राहिली. दिवसा दुसऱ्याच्या चुलीपुढं, रात्री माझ्या आईच्या खोपट्यात. ती रडली-ओरडली असती तर पंचांना बरं वाटलं असतं, कारण रडण्याची वेळ संपते. ती नुसती काम करायची. पंचांच्या डोळ्यांवर ते येऊ लागलं. धडधाकट बाई, मूल नाही, बाळ नाही. तिला जे मूल होईल ते चर्चचं होणार. हे मी रागानं बोलते असं वाटेल. रागानंच बोलते.

तर पंचांनी तिला बोलावलं. मी तेव्हा पाद्र्याच्या घरी कामाला होते, सरबताचे पेले घेऊन आत गेले आणि कोपऱ्यातच उभी राहिले. थोरले पंच हॅलोवेसाहेब म्हणाले, ‘डेल्फी, मिसिसिपीहून आजवर कुणी परत आलेलं नाही. इतकं अंतर म्हणजे मृत्यूच. आम्ही शास्त्र बघितलं, विचार केला, आणि ठरवलं की प्राइमस मेला असं धरावं. तू आता मोकळी आहेस. एब्रम चांगला माणूस आहे, आपलाच आहे. त्याच्याशी लग्न कर.’

मावशीनं विचारलं, ‘मेला?’

‘धरावं.’

‘मग साहेब, त्याच्या मर्तिकाचा उपदेश करा.’

इथं आमची एक रीत सांगायला हवी. आमच्यात माणूस मेला की त्याला पुरतात तेव्हाच सगळं संपत नाही. गुलामाला पुरायचं म्हणजे दिवसभराच्या कामानंतर, घाईनं. मर्तिकाचा उपदेश मागाहून होतो, कधी दोन महिन्यांनी, कधी वर्षानं, पाद्र्याला सवड असेल आणि नातलगांना यायला परवानगी मिळेल तेव्हा. समोर प्रेत नसलं तरी चालतं. विधवेनं मात्र पहिल्या बाकावर बसायचं असतं. ती बसल्याशिवाय उपदेश सुरू होत नाही. उपदेश होईपर्यंत मेलेला माणूस आसपास घुटमळतो, झाला की निघून जातो. आणि एका माणसाचा उपदेश एकदाच. दुसऱ्यांदा केला तर मेलेल्याला पुन्हा हाक मारल्यासारखं होतं, असं आमची म्हातारी माणसं मानतात. मीही मानते.

त्या रात्री आई मावशीला म्हणाली, ‘अगं, वेड लागलंय का तुला? उपदेश झाला तर तो मेलाच की.’

‘होणार नाही,’ मावशी म्हणाली. ‘हे लोक विकतील, मारतील. पण तो मिसिसिपीत पिंपं ठोकतोय हे माहीत असताना व्यासपीठावर चढून देवाच्या तोंडावर खोटं बोलतील? एवढी छाती नाही यांची. नाही म्हणतील, आणि नाही म्हटलं की मी बायकोच.’

सगळ्या आयुष्यात मावशीनं एकदाच गोऱ्यांच्या देवभीरूपणावर भरवसा ठेवला. तो तेवढ्यापुरताच.

पाद्री कॅरुथर्स मात्र खरंच अडला. माणूस मनानं हळवा होता. माझ्या मालकिणीपुढं, म्हणजे त्याच्या बायकोपुढं, तो म्हणाला, ‘जिवंत माणसाचं मर्तिक कसं करू?’ त्याचं जेवण कमी झालं. दोन रविवार तसेच गेले. मग हॅलोवेसाहेब घरी आले. ‘मेला म्हणूच नका,’ ते म्हणाले, ‘आपल्यातून गेला म्हणा. गेला आहेच.’ पाद्र्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्या रात्री त्यानं हॅमचे तीन तुकडे खाल्ले.

पुढच्या रविवारी मावशीला गॅलरीतून खाली आणलं. आमच्यासाठी वर माडीवर बाक होते, जिना बाहेरून. चर्चच्या मालकीचे असूनही आमच्यातलं कुणी उपासनेच्या वेळी तळमजल्यावर बसल्याचं मी पाहिलं नव्हतं. मावशी पहिल्या बाकावर बसली. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी ठेवली होती. पाद्र्यानं सांगितलं की चाकरांनी मालकाचं ऐकावं अशी देवाची इच्छा आहे, आणि आपल्यातून गेलेला बंधू प्राइमस हा आज्ञाधारक, नम्र आणि समाधानी चाकर होता. माडीवर कुणीतरी खोकलं. मावशी ताठ बसून होती. तिच्याकडे बघून हॅलोवेबाई शेजारणीला म्हणाल्या, या लोकांना आपल्यासारखं दुःख होत नाही हे किती बरं आहे.

महिन्याभरानं एब्रमशी लग्न लागलं. एब्रम नांगर धरायचा. मोठा, संथ, कमी बोलणारा. लग्नाच्या रात्रीचं मावशीनं मला नंतर सांगितलं. तो खोपट्याच्या दारातच उभा राहिला. म्हणाला, ‘मला पंचांनी सांगितलं.’ ती म्हणाली, ‘मलाही.’ मग त्यानं विचारलं, ‘पाणी आणू का तुला?’ आणि विहिरीवर गेला. मावशी म्हणायची, त्याच रात्री मला कळलं की याचा राग करणं अवघड जाणार.

तिला तीन मुलं झाली. चर्चची मालमत्ता तेवढ्यानं वाढली. मग उत्तर-दक्षिणेची लढाई आली, चार वर्षं चालली, आणि एका वसंतात हॅलोवेसाहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की तुम्ही आता मोकळे. पाद्र्याचा पगार बंद पडला. तो खरोखर गोंधळला होता. ‘पण आता देवाच्या शब्दाचं कसं होणार?’ असं त्यानं मलाच विचारलं. मी त्याची शेवटची भांडी घासली आणि निघाले.

आम्ही आमचं चर्च बांधलं, नदीच्या अलीकडे, करवतीच्या गिरणीतल्या फेकून दिलेल्या फळ्यांचं. त्याला माडी ठेवली नाही. आमच्यातलाच लूशियसभाऊ उपदेशक झाला. एका डोळ्यानं अधू, पण आवाज असा की नदीपलीकडची कुत्री उठायची.

लढाईनंतरच्या दुसऱ्या डिसेंबरात एब्रमच्या अंगणात डुकरं कापायचं काम चाललं होतं. शेजारपाजार जमला होता. मावशी मोठ्या कढईत चरबी कढवत होती, मी आतडी धूत होते. रस्त्यानं एक माणूस आला. एका पायात बूट, दुसऱ्याला पोत्याचं फडकं बांधलेलं. कुंपणाशी थांबला. एका म्हातारीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि हातातलं घमेलं टाकून पळाली.

एब्रमनं सुरी हळूच खाली ठेवली. ‘प्राइमस,’ तो म्हणाला. ‘तू मेलास.’

‘वाटेत कळलं मला,’ प्राइमस म्हणाला.

मावशी ढवळायची थांबली नाही. चरबी तळाला लागली असती.

‘जेवलास?’ तिनं विचारलं.

‘परवा.’

तिनं त्याला कांदा घालून परतलेली कलेजी आणि मक्याची भाकरी दिली. तो लाकडाच्या ओंडक्यावर बसून जेवला. आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो, घास खाली जातोय का म्हणून. तीन मुलं एब्रमच्या पायांमागून डोकावत होती.

‘तुझी?’ त्यानं एब्रमला विचारलं.

‘माझी.’

‘छान आहेत.’ मग तो म्हणाला, ‘तिकडे मलाही एक बायको दिली होती. लढाईत पळून आलेल्यांच्या छावणीत तापानं गेली. ती खरीखुरी गेली, मीच पुरली.’ भाकरीचा तुकडा त्यानं ताटलीवर फिरवला. ‘माझा उपदेश कुणी केला?’

‘कॅरुथर्स पाद्र्यानं.’

‘काय म्हणाला?’

‘आज्ञाधारक होतास म्हणाला. नम्र. आणि समाधानी.’

प्राइमसनं विचार केला. ‘मग दुसरा कुणी असेल,’ तो म्हणाला.

एब्रमला पहिल्यांदा हसू आलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपण हसायला नको होतं.

पुढच्या आठवड्यात आमच्या चर्चची बैठक भरली. प्रश्न एवढाच होता की डेल्फी कुणाची बायको. वरवर पाहता एका बाईचा प्रश्न. पण त्या फळ्यांच्या खोलीत जेवढे बसले होते त्यातल्या निम्म्यांचं लग्न तसंच झालेलं होतं, कुणालातरी मेलं धरून. गोऱ्या पंचांचं धरणं खोटं ठरवलं तर निम्मी मंडळी व्यभिचारी आणि त्यांची पोरं बिनबापाची. खरं ठरवलं तर हॅलोवेसाहेबांनी एखाद्याला मेला म्हटलं की तो मेला, हे आम्ही स्वतंत्र झाल्यावर आमच्या तोंडानं कबूल करायचं. मग मागून म्हातारा कफी उठला. तो म्हणाला, ‘हा जिवंत असेल तर माझी सोफ्रोनीसुद्धा कुठंतरी जिवंत असेल.’ एवढं बोलून तो खाली बसला आणि टोपी तोंडावर धरून रडायला लागला. त्याची आत्ताची बायको शेजारीच होती. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला आजही ते आठवलं की कढ येतो.

लूशियसभाऊ उभा राहिला. मग म्हणाला, ‘जो जिथं आहे तिथंच राहील. ज्या चुलीवर ज्याचं अन्न शिजतंय, ते त्याचं घर. मागचं देवानं बघावं.’

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मावशी उठली. ‘मग प्राइमस कोण?’

‘पाहुणा,’ लूशियसभाऊ म्हणाला.

चर्चच्या यादीत प्राइमसचं नाव घातलं नाही. उपदेश झालेल्या माणसाला सभासद कसं करायचं? पुन्हा बाप्तिस्मा घे, म्हणजे नव्या माणसासारखा येशील, असं लूशियसभाऊनं सुचवलं. प्राइमस म्हणाला, ‘मी पहिलाच अजून संपलो नाही.’ तो रस्त्यापलीकडे एका जुन्या तंबाखूच्या कोठारात राहू लागला आणि बादल्या-पिंपं बनवू लागला. दर रविवारी चर्चला यायचा, खिडकीजवळ पाहुण्यासारखा बसायचा, आणि गाताना सगळ्यांच्या वर आवाज चढवायचा. पोरं त्याला ‘मयतकाका’ म्हणायची. तो ओ द्यायचा.

मावशीला मी एकदा विचारलं, ‘तू त्याच्याकडे का गेली नाहीस?’

ती इस्त्री करत होती. म्हणाली, ‘एब्रम चांगला आहे, टिशा. वाईट असता तर सोपं होतं.’ इस्त्री तिनं चुलीवर परत ठेवली. तिला प्राइमस हवा होता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि एब्रमलाही नव्हती.

एब्रम दर रविवारी दुपारी एक ताट झाकून रस्ता ओलांडायचा. स्वतः. मावशीला कधी पाठवलं नाही, मुलांनाही नाही. ती कसली रीत होती कुणास ठाऊक. दोघं कोठाराच्या दारात बसायचे. एकदा मी तिथं बादली आणायला गेले होते.

प्राइमस म्हणाला, ‘तुझी बायको मीठ जास्त घालते.’

‘तुझ्या वेळी कमी घालायची का?’

‘माझ्या वेळी मीठच नव्हतं.’

अशी बारा वर्षं गेली. मग एका फेब्रुवारीत प्राइमसच्या छातीत कफ भरला. तो उठणार नाही हे दिसत होतं. एब्रम मावशीला म्हणाला, ‘जा.’ ती गेली आणि शेवटपर्यंत तिथंच बसली. मी आत-बाहेर करत होते. प्राइमस शुद्धीवर होता. तो म्हणाला, ‘डेल्फी, त्या उपदेशावर मला पुरू नका. तो माणूस मला समाधानी म्हणाला. वर जाऊन मी काय तोंड दाखवू?’

‘नाही पुरू देणार,’ मावशी म्हणाली.

सकाळी तो गेला. या खेपेस अंतराचा प्रश्न नव्हता.

मावशी तशीच लूशियसभाऊकडे गेली, मी तिच्याबरोबर. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. ‘प्रार्थना म्हणेन, मूठमाती देईन. उपदेश नाही. एका माणसाचा दोनदा होत नाही, डेल्फीताई, तुलाही माहीत आहे.’

‘पहिला त्याचा नव्हताच.’

‘नाव त्याचंच घेतलं होतं. आणि समजा मी तयार झालो. पहिल्या बाकावर कोण बसणार? बायको होती अशा माणसाचा उपदेश रिकाम्या बाकापुढं होत नाही. तू बसलीस तर तू त्याची विधवा. मग इतकी वर्षं एब्रमच्या घरात तू कोण होतीस? तुझी मुलं कुणाची?’ त्यानं आवाज खाली केला. ‘वसंतात तुझ्या ऍडलिनचं लग्न आहे. चर्चच्या कारभाऱ्याच्या घरी देतेस. त्या घरातली माणसं डोळे मिटून बसणार नाहीत.’

मावशीजवळ या वेळी विचारायला पुढचं टोक नव्हतं. घरी आल्यावर ऍडलिन तिच्या गळ्यात पडली. ‘आई, बसू नकोस गं. तुला काय वाटतं ते मला कळतं. पण बसू नकोस.’ एब्रम चुलीपाशी बसून बुटांना चरबी लावत होता. मावशीनं रात्रभर कूस बदलली. सकाळी काळा झगा घातला, मग काढला, आणि रोजचा घातला.

चर्च भरलं होतं. पाइनच्या फळ्यांची पेटी पुढं ठेवली होती. मावशी तिच्या नेहमीच्या बाकावर, तिसऱ्या, एब्रमच्या शेजारी. पहिला बाक मोकळा. कारभाऱ्याच्या घरची माणसं पलीकडे, त्यांच्यात ऍडलिनचा होणारा नवरा. लूशियसभाऊनं गाणं म्हटलं, प्रार्थना म्हटली. खिडकीजवळून यायचा तो आवाज नसल्यामुळं गाणं पातळ वाटलं. मग त्यानं शास्त्र मिटलं आणि पेटी उचलणाऱ्यांना खूण केली. मावशीच्या तोंडाकडे मला बघवेना. आपण शब्द दिला आणि पाळला नाही, हे एखाद्या माणसाला कळत असताना त्याचा चेहरा कसा होतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

एब्रम उठला. मोठा माणूस, त्याला उठायला वेळ लागायचा.

‘चल,’ तो मावशीला म्हणाला.

‘कुठं?’

‘पुढं.’

त्यानं तिच्या कोपराला धरलं, तिला मधल्या वाटेनं पहिल्या बाकापर्यंत नेलं आणि बसवलं. आपला काळा कोट काढून तिच्या रोजच्या झग्यावरून पांघरला. मग लूशियसभाऊकडे वळला. एब्रम चर्चमध्ये कधी बोललेला नव्हता.

‘विधवा बसली, लूशियसभाऊ. वाट कसली बघता?’

आणि तो नुसत्या सदऱ्यावर परत तिसऱ्या बाकाशी आला आणि एकटा बसला. त्याच्या शेजारी मावशीएवढी जागा रिकामी होती. ती भरायला कुणी सरकलं नाही.

लूशियसभाऊनं कारभाऱ्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं, मग पहिल्या बाकाकडे. आणि सुरू झाला. प्राइमस जंगलात कसा पळाला, सफरचंदं कशी वाटली, मिसिसिपीहून एका बुटावर कसा चालत आला, या माणसानं आयुष्यात कुणाचं म्हणून ऐकलं नाही, हे सगळं त्यानं देवाला मोठ्या कौतुकानं सांगितलं. लोक मध्ये मध्ये ओरडून भर घालत होते. म्हातारा कफी तर उभाच राहिला. मावशी एब्रमच्या कोटात तोंड खुपसून अशी रडली की बाहेर बांधलेलं खेचर बिथरलं.

ऍडलिनचं लग्न लांबलं, पण मोडलं नाही. कारभारीण चार महिने तोंड फिरवून होती, मग दमली.

त्या दिवशी घरी आल्यावर एब्रमनं आपली गोधडी उचलली आणि कोठारात नेली, प्राइमसच्या. कुणी सांगितलं नव्हतं. पंचांनी जुळवलेलं लग्न पहिल्या बाकापाशी सुटलं होतं आणि ते त्याला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, इतकंच. विधवेनं वर्षभर काळं घालायचं असतं, मावशीनं घातलं. एब्रम शेतावर यायचा, सरपण फोडून ठेवायचा, अंगणात बसून जेवायचा आणि रस्ता ओलांडून झोपायला जायचा. गावानं भरपूर चेष्टा केली. मीही केली. ‘काय एब्रमकाका, मामा झालात की स्वतःच्या घरात!’ तो म्हणायचा, ‘हो.’

वर्ष भरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे रताळी भाजत होते. दारावर थाप पडली. आमच्या गावात दारावर थाप कुणी मारत नाही, हाक मारतात.

‘कोण?’ मावशी म्हणाली.

‘एब्रम.’

‘दार उघडंच आहे.’

‘माहीत आहे.’

तो आत आला नाही. अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. टोपी हातात. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

‘तू माझ्याशी लग्न करशील का ते विचारायला आलोय,’ तो म्हणाला.

प्राइमसला हो म्हणायलाही तिला पंचांची परवानगी लागली होती. या वेळी परवानगी द्यायला कुणी नव्हतं, आणि नाही म्हटलं तर कुणी फटके मारणार नव्हतं. साठीच्या आसपासची बाई, तीन मुलांची आई. ती त्या तीन मुलांच्या बापाकडे बघत राहिली. रताळ्यांचा करपल्याचा वास यायला लागला तरी मी हलले नाही.

‘विचार करून सांगते,’ मावशी म्हणाली.

‘बरं,’ एब्रम म्हणाला, आणि सरपण फोडायला गेला.

तिनं मुळीच घाई केली नाही. वाफ्यांत तंबाखूचं बी पडलं, रोपं वर आली, रोपं शेतात लावूनही झाली. एब्रम रोज यायचा, जेवायचा, जायचा, आणि एकदाही त्यानं विचारलं नाही की झाला का विचार. मग एका संध्याकाळी तो ताट खाली ठेवून उठला, तर मावशी म्हणाली, ‘गोधडी घेऊन ये.’